जुनी मोटार आणि कायद्याची चौकट

१५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने १९८९ च्या मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या खासगी मोटारींसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. वीस हजार रुपये शुल्क, 'व्हीए' अक्षरांची पाटी आणि प्रदर्शने, रॅली यांसारख्या कारणांपुरती रस्त्यावर येण्याची मुभा, असे तिचे स्वरूप आहे. ज्याच्या वाड्यात आजोबांची मोटार जशीच्या तशी उभी आहे, त्याची सोय झाली. परंतु चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यातील अट जुनी मोटार घरच्या शेडमध्ये स्वतःच्या हातांनी उभी करणाऱ्याला अडचणीत टाकणारी आहे.

मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून बनविलेली हेरल्ड घ्या. इंग्लंडातील ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनांची स्पोर्ट्स कार याच हेरल्डच्या कुळातली. दोहोंची बॉडी स्वतंत्र चासीवर बोल्टांनी बसविलेली असते. ते बोल्ट सोडविले की बॉडी सुटी करता येते. घरगुती दुरुस्तीला ही गाडी मानवते ती यामुळेच. पण बॉडीला आधार देणारे चासीचे बाजूचे हात पावसापाण्याने गंजून जातात. कुजलेला भाग कापून तेथे नवा पत्रा वेल्ड करणे ही दुरुस्ती, की फेरफार? त्याचा निर्णय अखेर तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनावरच राहणार.

सातारा-सांगलीकडे हा प्रश्न केवळ श्रीमंतांच्या छंदाचा नाही. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली ती लोखंडी नांगरांसाठी. सातारला कूपरांची इंजिने झाली, पुढे प्रिया स्कूटर झाली. या कारखान्यांच्या परिसरात फिटर, टर्नर, वेल्डर तयार झाले. बाजारात न मिळणारा सुटा भाग लेथवर घडविणे हे त्यांचे नित्याचे काम.

देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भाग जोडून लहानशी जीप तयार केली. ती दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होई. (हे गाव यशवंतराव चव्हाणांचे जन्मस्थान, तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे.) डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले, तथापि नियमांत न बसणारी ही गाडी आज ना उद्या अडविली जाईल हेही सांगितले आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये अदलाबदल झाली. उद्योगपतीचे औदार्य खरेच; पण प्रत्येक कारागिराला असा उद्योगपती भेटत नाही.

आपल्याकडील प्रकार-मान्यतेची पद्धत कारखानदारांसाठी आहे. एकच गाडी घडविणाऱ्याला तिचा खर्च झेपणे अशक्य. ब्रिटनमध्ये २००९ पासून एकेका वाहनाची स्वतंत्र तपासणी करून मान्यता देण्याची पद्धत आहे; हाती बांधलेल्या मोटारीही तिच्याखाली येतात. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे व वेल्डिंगचे सांधे तपासून, वेगाची मर्यादा घालून, अशी परवानगी आपल्या जिल्हा परिवहन कार्यालयांतूनही देता येईल. सुरक्षिततेत सूट मागण्याचे कारण नाही. तपासणी कडकच असावी. मात्र तिचे शुल्क वीस हजारांच्या घरात नसावे आणि गंजलेला भाग बदलणे हा फेरफार नव्हे, एवढे नियमात स्पष्ट शब्दांत लिहिले जावे.