साठीच्या उंबरठ्यावर हेवी लायसन

सेवानिवृत्त माणसाने काय करावे, याविषयी आपल्या मध्यमवर्गीय समाजाचे मत केव्हाच ठरून गेलेले आहे. त्याने सकाळी फिरायला जावे, येताना दूध आणावे, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून निविदांपर्यंत वाचावे, नातवाला शाळेच्या बसपर्यंत पोचवावे आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसून देशाची काळजी वाहावी. फारच उमेद असली तर होमिओपॅथीची पुस्तके आणावीत, नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरीपद पत्करावे. याहून निराळे काही करू पाहणाऱ्याची गणना विक्षिप्तांत होते.

म्हणूनच कल्याणच्या आमच्या सोसायटीतील माझ्या शेजाऱ्यांनी सरकारी कचेरीतून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होताच "आता मी ट्रक चालवायला शिकणार" असे जाहीर केले, तेव्हा चारी मजले हादरले. चेअरमनसाहेबांनी मला बाजूला घेऊन विचारले, "मुलगा पैसे पाठवीत नाही का हो?" पुण्याच्या चिरंजीवांचा फोन आला, "बाबा, तुम्हांला कमी काय आहे? लोक काय म्हणतील?" वहिनी मात्र शांत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "पस्तीस वर्षे ह्यांनी फायली पुढे ढकलल्या. आता ट्रक ढकलतील. ट्रक निदान कुठेतरी पोचतो तरी!"

वहिनी विनोद करून थांबल्या नाहीत. त्यांनी तीन अटी घातल्या. रात्री गाडी चालवायची नाही. दर सहा महिन्यांनी डोळे आणि साखर तपासून घ्यायची. आणि जिथे थांबाल तिथून फोन करायचा. शेजाऱ्यांनी तिन्ही मान्य केल्या. या अटींनीच पुढे त्यांच्या धंद्याला वळण दिले, म्हणून त्या इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

प्रथम कायद्याचे पाहू, कारण पुष्कळांची अशी समजूत असते की, या वयात हे लायसन मिळतच नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात मालवाहू गाडी चालविणारा वीस वर्षांच्या आतला नसावा, असे आहे. वरच्या वयाची मर्यादा नाही. ट्रकचे कच्चे लायसन काढण्यापूर्वी हलक्या गाडीचे लायसन निदान एक वर्ष हाती असावे लागते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते, ड्रायव्हिंग स्कूलचेही लागते. आठवी पास असण्याची अट होती, ती २०१९ साली काढून टाकण्यात आली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने लायसनची मुदतही तीनऐवजी पाच वर्षे झाली. छोट्या गाडीपासून सुरुवात करणाऱ्याला आणखी एक सोय आहे. ज्या मालवाहू गाडीचे मालासकट वजन साडेसात हजार किलोच्या आत आहे, ती साध्या मोटारीच्या लायसनवर चालविता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी यावर शिक्कामोर्तब केले.

तेव्हा कायदा आड येत नाही. आड येते ते शरीर. साठीच्या डोळ्यांना रात्री समोरच्या गाडीचा झोत लागला की, पुन्हा नीट दिसायला तरुणापेक्षा जास्त वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात गाडी कितीतरी पुढे गेलेली असते. मोतीबिंदू हळूहळू येतो आणि ज्याला येतो त्यालाच शेवटी कळतो. केबिनमध्ये चढउतार करताना गुडघे बोलू लागतात. आणि लघवीची घाई झाली म्हणून महामार्गावर वाटेल तिथे गाडी उभी करता येत नाही. पेन्शनरांनी हा हिशेब लाजून लपवू नये. डॉक्टरांपुढे नीट मांडावा. डॉक्टर नाही म्हणाले तर होमिओपॅथीची पुस्तके आहेतच.

शेजाऱ्यांचे डोळे चांगले निघाले. पहिले काही महिने त्यांनी साडेसात हजार किलोच्या आतल्या गाडीवर कल्याण-भिवंडी अशा खेपा केल्या. मग हेवी लायसन काढले. पण लायसन खिशात आल्यावरही ते लगेच चाकामागे बसले नाहीत. भिवंडीच्या एका गाडीमालकाला सांगून ते महिनाभर एका अनुभवी ड्रायव्हरशेजारी क्लीनरच्या जागेवर बसले. हा ड्रायव्हर बीडकडचा, वय बत्तीस. ज्यांच्या हाताखाली एकेकाळी अकरा कारकून होते, ते गृहस्थ या पोराला 'वस्ताद' म्हणू लागले आणि वस्ताद त्यांना 'काका' म्हणू लागला. ताडपत्री कशी ओढायची, दोराची गाठ कशी मारायची की खड्ड्यात गाडी आदळली तरी सुटणार नाही, टायरवर दांडा आपटून आवाजावरून हवा कशी ओळखायची, हे सारे काका वस्तादाकडून शिकले. मला सांगताना ते म्हणाले, "कचेरीत मी चूक केली तर वरचा शेरा मारून कागद परत यायचा. इथे परत येण्याची सोय नाही."

घाटातला धडा तर त्यांनी मला गॅलरीत उभे राहून हातवारे करीत समजावला. तो सगळ्यांनी ऐकण्यासारखा आहे. भरलेला ट्रक उतारावर ब्रेकवर उतरवायचा नसतो. तो इंजिनावर उतरवायचा असतो. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, म्हणजे इंजिनच गाडीला मागे धरून ठेवते. सारखा पाय ब्रेकवर ठेवला तर ब्रेक तापतात आणि एकदा अती तापले की धरेनासे होतात. डिझेल वाचविण्याच्या लोभाने कोणी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर इंजिनाची पकड सुटते आणि सगळा भार त्या तापलेल्या ब्रेकवर येतो. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून पुण्याच्या नवले पुलाकडे येणारा उतार यासाठी कुप्रसिद्ध आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकने कितीतरी गाड्यांना धडक दिल्याचे वाचकांना आठवत असेल. वस्ताद काकांना म्हणाला होता, "काका, घाटात घाई केली की डिझेल वाचतं आणि माणूस जातो."

इथवर ही गोष्ट एका हौशी पेन्शनराची आहे, आणि एवढीच असती तर दिवाळी अंकाची दोन पाने मी तिच्यासाठी अडविली नसती. खरी गोष्ट पुढेच आहे.

२०२५ ची वसुबारस उद्यावर आली होती. शेजारी नाशिकची खेप करून संध्याकाळी घरी परतले होते. पाय मोकळे करून चहा घेतात तोच मालकाचा फोन आला. भिवंडीहून नागपूरला माल जायचा आहे, दिवाळीचा माल, सकाळी पोचायलाच हवा, रात्रीच निघा. शेजाऱ्यांनी वहिनींकडे पाहिले आणि स्वच्छ नाही म्हणून सांगितले. मालक म्हणाला, "बरं, राहू द्या काका. वस्तादाला पाठवतो."

वस्ताद त्याच दुपारी दोन दिवसांच्या प्रवासाहून आला होता, हे शेजाऱ्यांना ठाऊक होते. चहाचा कप तसाच राहिला. "माझं 'नाही' मी कुणाच्या गळ्यात बांधलं, ते मला त्या क्षणी दिसलं," असे ते मला नंतर म्हणाले. त्यांनी पायांत चपला सरकवल्या आणि रिक्षा करून भिवंडी गाठली.

वस्ताद गोदामाबाहेर तोंडावर पाणी मारीत उभा होता. डोळे लाल. काका म्हणाले, "वस्ताद, तू नाही म्हण." तो हसला. "काका, तुमची पेन्शन एक तारखेला येते. मी नाही म्हटलं तर उद्या या गाडीवर दुसरा बसंल. भाऊबीजेला दोन बहिणी यायच्यात."

या वाक्याला उत्तर नव्हते. तेव्हा काकांनी जन्मभर केले तेच केले. खिशातले पेन काढले आणि एका जुन्या बिल्टीच्या पाठीवर हिशेब मांडला. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पुरा झाला. भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर. कसाऱ्याचा घाट टळला, इगतपुरीला सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा झाला, हे सारे खरे. पण जड गाडीला वेग ताशी ८० चा. म्हणजे कुठेही न थांबता, एकदाही पाय न काढता पावणेनऊ तासांवर वेळ. त्यात जेवण, चहा, टायर पाहणे धरा. आणि मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला तेव्हाच दिवसाचे काम आठ तास आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती असे ठरून गेले होते. पुढे नव्या कामगार संहिता आल्या, तरी दिवसाच्या आठ तासांचे माप तेच राहिले. थोडक्यात, रस्ता कितीही गुळगुळीत केला तरी हे काम एका माणसाच्या एका दिवसाचे नव्हते. झोप न झालेल्या माणसाचे तर नव्हतेच.

हा कागद त्यांनी मालकापुढे ठेवला. म्हणाले, "गाडी सकाळी निघेल. मी आणि वस्ताद दोघे जाऊ. उजेडात मी चालवीन, अंधारात तो. तोवर तो झोपेल." मालक चिडला, हे सांगायला नकोच. दिवाळीच्या तोंडावर ही काय कटकट! शेवटी शेजाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला, "ज्यांचा माल आहे त्यांना विचारलंत का?"

विचारले नव्हते. कोणीच विचारले नव्हते. मालकाने कुरकुरत नागपूरला फोन लावला. तिकडचे व्यापारी म्हणाले, सकाळी आला तर बरे, रात्री आला तरी चालेल, दुकान दुसऱ्या दिवशी उघडायचे आहे. म्हणजे ज्या 'सकाळी'साठी एका माणसाच्या जिवाचा जुगार चालला होता, ती सकाळ कोणालाच नको होती. ती नुसती बोलण्याची सवय होती!

गाडी पहाटे निघाली आणि रात्री नागपूरला सुखरूप पोचली. वस्ताद भाऊबीजेला घरी होता. शेजाऱ्यांना मात्र त्यानंतर महिनाभर एकही खेप मिळाली नाही. ते गॅलरीत बसून वर्तमानपत्रातल्या निविदा वाचीत. मी म्हटले, "अन्याय आहे हा." ते म्हणाले, "असेल. पण मला तो परवडला. वस्तादाला परवडला नसता."

गेले वर्षभर हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेले नाही. निवृत्तीनंतर ट्रकवर बसणाऱ्या माणसाकडे तरुणापेक्षा जास्त काय असते? डोळे नाहीत, गुडघे नाहीत, रात्र काढण्याची ताकद नाही. त्याच्याकडे एकच गोष्ट जास्त असते: त्याची चूल या खेपेवर पेटत नाही. म्हणून तो जादा माल भरायला नाही म्हणू शकतो, गुळगुळीत टायरला नाही म्हणू शकतो, झोपेच्या वेळी स्टीअरिंगला नाही म्हणू शकतो. पेन्शन म्हणजे या धंद्यातले भांडवलच म्हणा ना! ते भांडवल त्याने फक्त स्वतःची हाडे वाचवायला वापरले तर त्याचे ओझे शेजारच्या पोरावर पडते. दोघांसाठी वापरले तर तो खरा ज्येष्ठ.

पण सगळा भार पेन्शनरांच्या नकारावर टाकणे हीही पळवाटच झाली. अमेरिकेत मालवाहू ट्रकचालकाने दिवसात अकरा तासांहून जास्त गाडी चालवू नये असा नियम आहे, आणि डिसेंबर २०१७ पासून बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांत त्याची नोंद यंत्रच ठेवते. म्हणजे तिथे 'नाही' म्हणायला यंत्र तरी आहे. आपल्याकडे नव्याने तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांची केबिन वातानुकूलित असलीच पाहिजे, असा नियम झाला. उत्तम झाले. ड्रायव्हरलाही उकडते, हे सरकारी कागदावर आले. आता त्याला झोपही येते, हे मालकाच्या वहीत यायला हवे.

आणि ते आपल्याही वहीत यायला हवे. वाचकहो, कपाटापासून कढईपर्यंत आपल्या घरातली बहुतेक वस्तू कधी ना कधी ट्रकमधून आलेली असते. घर बदलताना "रात्रीच निघा म्हणजे सकाळी सामान लावता येईल" असे आपण सहज म्हणतो. त्याऐवजी ड्रायव्हरला विचारावे, "तुमची झोप झाली का?" सामान उतरताना त्याला बसायला खुर्ची द्यावी, पाणी द्यावे, घरातले संडास-बाथरूम वापरू द्यावे. याला पैसा लागत नाही. फक्त चार मजले हादरण्याची तयारी लागते.

निवृत्तीनंतर ज्यांना खरोखरच चाक हाती घ्यावेसे वाटते, त्यांनी जरूर घ्यावे. आधी डोळे तपासावेत, छोट्या गाडीपासून सुरुवात करावी, मजुरी आणि विमा लेखी ठरवून घ्यावा, आणि आपल्या मुलाच्या वयाच्या वस्तादापुढे विद्यार्थी होऊन बसावे. हा शेवटचा घाट फार अवघड असतो; तोही खालच्या गिअरमध्येच उतरावा लागतो.

शेजाऱ्यांना आता पुन्हा खेपा मिळू लागल्या आहेत. वस्तादाने बिल्टीवरचा तो हिशेब जपून ठेवला असून मालकाने रात्रीची वर्दी सांगितली की तो म्हणे कागद काढून दाखवतो. तो रोज चालतोच असे नाही. पण परवा चालला. यंदाच्या दिवाळीत आपल्या घरी जे काही येईल, ते आणणारा माणूस नीट झोपून आलेला असो, एवढीच शुभेच्छा.