वरातीमागून पोषण

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा संसदेने २०१३ साली संमत केला, तेव्हा वादाचा सारा धुरळा दोन-तीन रुपये किलोच्या धान्याभोवती उडाला. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमाने देशातील प्रत्येक गर्भवती व स्तनदा मातेला दोन हक्क दिले, याची चर्चा मात्र तुलनेने कमीच झाली. गरोदरपणात आणि प्रसूतीनंतर सहा महिने अंगणवाडीतून विनामूल्य आहार, हा पहिला हक्क. किमान सहा हजार रुपयांचे मातृत्वसाह्य, हा दुसरा. सरकारी वा सार्वजनिक उपक्रमांतील नियमित नोकरीचे किंवा अन्य कायद्याखाली तसेच लाभ ज्यांना मिळतात, त्यांचाच काय तो अपवाद. कायद्यातील शब्द 'प्रत्येक' असा होता. पुढील तपभरात दिल्लीतील मंत्रालयांनी या शब्दाला कशी कात्री लावली, हे पाहण्यासारखे आहे. कारण तिची किंमत ज्याला मोजावी लागते, तो नागरिक अद्याप जन्मलेलाही नसतो.

मातेच्या आहाराचा अर्भकाच्या वाढीशी असलेला संबंध आजीबाईंना ठाऊक होता. डोहाळजेवणाची प्रथा त्याशिवाय पडली नसती. विज्ञानाने त्यात भर घातली ती वेळापत्रकाची. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये भीषण उपासमार झाली. त्या काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांचे जन्मवजन फारसे घटले नव्हते. तरीही मध्यम वयात हृदयविकाराचे प्रमाण त्यांच्यात अधिक आढळले. गर्भावस्थेच्या आरंभी पडलेली उपासमारीची छाया वजनकाट्यावर दिसतेच असे नाही. अर्भकाच्या मेंदूचा व मज्जारज्जूचा पाया असलेली नलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. फॉलिक आम्लाची खरी गरज असते ती याच दिवसांत. दिवस गेल्याची खात्री अनेकींना होते, ती मात्र त्यानंतर.

भारतापुरता पुरावा हवा असल्यास पुण्याकडे पाहावे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा पिढीभर मागोवा घेतला. तेथील बाळे युरोपीय बाळांपेक्षा बरीच हलकी. पण त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. घट होती ती स्नायूंत आणि अवयवांत. पुढे २००८ साली याच अभ्यासाने दाखवले, की ज्या मातांमध्ये फोलेट भरपूर पण ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती. मधुमेहाची पायवाट अशी गर्भातून निघते. ब-१२ मिळते ते दूध, अंडी, मांस-मासे यांतून. म्हणजेच लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या कितीही आवश्यक असल्या, तरी त्या ताटाची जागा घेऊ शकत नाहीत.

आणि त्या गोळ्या तरी पोटात जातात काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) गरोदरपणात १८० दिवस वा अधिक काळ त्या घेणाऱ्या माता होत्या २६ टक्के. गर्भवतींमधील रक्तक्षयाचे प्रमाण आधीच्या फेरीतील ५०.४ टक्क्यांवरून ५२.२ टक्क्यांवर गेले. दोन सर्वेक्षणांच्या दरम्यान, ८ मार्च २०१८ रोजी, राजस्थानातील झुंझुनू येथे पंतप्रधानांच्या हस्ते पोषण अभियानाचा गाजावाजाने आरंभ झाला होता, हे येथे नमूद करायला हवे.

आता सरकारी वेळापत्रक पाहू. संयुक्त पुरोगामी आघाडीने २०१०मध्ये इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजना सुरू केली, ती मोजक्या जिल्ह्यांपुरती. पण पहिल्या दोन अपत्यांसाठी. ३१ डिसेंबर २०१६च्या भाषणात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी देशभरातील गर्भवतींना सहा हजार रुपये देण्याची घोषणा केली. प्रत्यक्षात २०१७मध्ये पंतप्रधान मातृ वंदना योजना अवतरली, तेव्हा रक्कम पाच हजारांवर आली होती आणि लाभ पहिल्या जिवंत अपत्यापुरता उरला होता. उरलेली रक्कम जननी सुरक्षा योजनेतून मिळते आणि सरासरी सहा हजार भरते, असा हिशेब मांडण्यात आला. योजनेचा भौगोलिक विस्तार झाला. हक्काचा संकोच झाला.

२०२२मध्ये योजनेचे रूप बदलले. पहिल्या अपत्यासाठी दोन हप्ते ठरले. तीन हजार रुपये नोंदणी व तपासणीनंतर. उरलेले दोन हजार जन्मनोंदणी आणि लसीकरणाची पहिली फेरी पार पडल्यावर, म्हणजे मूल साडेतीन महिन्यांचे झाल्यानंतर. दुसऱ्या अपत्यासाठी सहा हजार रुपये, पण ती मुलगी असेल तरच. मुलींच्या जन्माचे स्वागत व्हावे, हा हेतू वंदनीय खराच. मात्र गर्भलिंगनिदानास या देशात १९९४च्या कायद्याने बंदी आहे. तेव्हा दुसऱ्या खेपेच्या गरोदर स्त्रीला ही रक्कम गरोदरपणात मिळणे अशक्यच. तिच्या नऊ महिन्यांच्या ताटात यातील एक छदामही पडत नाही. आणि मुलगा झाल्यास नंतरही पडत नाही. पोषणाच्या नावाने काढलेली ही वरातीमागची घोडी होय.

पहिल्या खेपेस स्त्रीला नवी आव्हाने व ताण सोसावे लागतात, असे समर्थन सरकारने केले होते. शरीरशास्त्र याच्या उलट बोलते. एक बाळंतपण आणि अंगावरचे दूध पाजणे यांत झिजलेले शरीर वर्ष-दोन वर्षांत पुन्हा गर्भ वाहते, तेव्हा त्याची शिल्लक कमी झालेली असते. लोकसंख्येच्या नियंत्रणाचा युक्तिवादही टिकत नाही. देशाचा एकूण प्रजननदर याच पाचव्या सर्वेक्षणात २.० इतका, प्रतिस्थापनाच्या पातळीखाली, उतरला आहे.

या अन्यायाला वर्गाचीही बाजू आहे. २०१७ सालीच संसदेने मातृत्वलाभ कायद्यात दुरुस्ती करून संघटित क्षेत्रातील स्त्रियांची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली; तीही पहिल्या दोन अपत्यांसाठी. निर्णय स्वागतार्हच होता. पण शेतात, वीटभट्टीवर वा बांधकामावर राबणाऱ्या स्त्रीच्या पाच हजारांना याच २६ आठवड्यांनी भागले, तर दिवसाला साडेसत्तावीस रुपये येतात, तेही एकाच खेपेस. एवढ्यावर ना मजुरी सोडता येते, ना दूध-अंड्याचा रतीब लावता येतो. अंगणवाडीतील गर्भवतीच्या आहाराचा दर केंद्राने २०१७मध्ये ठरवला, तो दिवसाला साडेनऊ रुपये. त्यात ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने बसवायची होती.

पैसा नाही, ही सबब राज्यांनीच खोटी ठरवली आहे. तमिळनाडूने मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाने १९८७ साली प्रसूतिसाह्य सुरू केले आणि २०१८पर्यंत ते १८ हजार रुपयांपर्यंत नेले. घरी दिलेला कोरडा शिधा साऱ्या कुटुंबात वाटला जातो, हे ओळखून तेलंगणाने २०१५मध्ये आणि कर्नाटकाने २०१७मध्ये गर्भवतींना अंगणवाडीतच अंड्यासह पूर्ण जेवण देण्यास आरंभ केला. महाराष्ट्रातही आदिवासी भागासाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५मध्ये सुरू झाली. या योजनांत त्रुटी आहेत. पण गर्भवतीने नऊ महिन्यांत जेवले पाहिजे, हे तत्त्व त्यांनी मान्य केले आहे.

केंद्राने करावयाचे ते अवघड नाही. अपत्यक्रमाची व लिंगाची अट काढावी, रकमेचा मोठा हिस्सा पाचव्या महिन्याआधी हाती पडेल अशी व्यवस्था करावी आणि २०१३पासून गोठलेला सहा हजारांचा आकडा महागाईशी जोडावा. खरे तर याही मागे जायला हवे. २००५-०६च्या सर्वेक्षणाच्या आधारे झालेल्या एका विश्लेषणानुसार गरोदर राहण्यापूर्वीच सुमारे ४२ टक्के भारतीय स्त्रिया कमी वजनाच्या होत्या. त्यानंतर परिस्थिती सुधारली असली, तरी धडा कायम आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये पालेभाजी, फळे व दूध यांचा खाऊ देऊन झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१४मध्ये प्रसिद्ध झाले. बाळाच्या वजनात फरक दिसला, तो गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून हा खाऊ खाणाऱ्या स्त्रियांमध्ये.

याचा अर्थ स्पष्ट आहे. आई होणार म्हणून स्त्रीला खाऊ घालणारे राज्य नेहमीच उशिरा पोहोचेल. ती नागरिक आहे म्हणून तिच्या ताटाची चिंता वाहणारे राज्यच वेळेवर पोहोचू शकते. चौथ्या कलमातील 'प्रत्येक' या शब्दाचा अर्थ तोच होता. त्याला अटी जोडणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की गर्भातले मूल हप्त्यांची वाट पाहत थांबत नाही.