मुलगा रॅप करतो, तेव्हा

"सर, पोरगा दिवसभर रॅप करतो. आता काय करायचे?"

पालकसभेत पूर्वी हा प्रश्न आम्हाला कुणी विचारत नसे. आता वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. विचारणारे बहुधा वडील असतात आणि त्यांच्या आवाजात राग असतो. आई शेजारी गप्प बसलेली असते, पण मुलाने वही कुठे लपवली आहे ते तिला नेमके ठाऊक असते. या महिन्यात त्या प्रश्नाचे उत्तर आमच्या परीने देऊन पाहतो. आम्ही गाणारे नाही आणि मुफ्तीही नाही. उर्दू आणि मराठी शिकवतो, तेव्हा शब्दांपुरते बोलण्याचा थोडा हक्क आम्हाला आहे.

आधी हे वेड आले कुठून ते पाहू. कुर्ल्याच्या नावेद शेख या तरुणाने २०१४ च्या जानेवारीत 'आफत' नावाचे गाणे इंटरनेटवर टाकले. स्टुडिओ नाही, कंपनी नाही. घरातल्या आयपॅडवर चित्रीकरण केलेले. 'नेझी' या नावाने तो ओळखला जाऊ लागला. त्याच्या आणि अंधेरीच्या 'डिव्हाइन'च्या आयुष्यावरून ढोबळमानाने सुचलेला 'गली बॉय' हा चित्रपट फेब्रुवारी २०१९ मध्ये आला आणि वस्तीतला मुलगा रॅप करू शकतो हे घराघरात कळले. पाठोपाठ पुण्याच्या ताडीवाला रोडचा अल्ताफ शेख, म्हणजे 'एमसी स्टॅन', पुढे आला. २०१९ मध्ये त्याचे 'अस्तगफिरुल्लाह' हे गाणे आले, २०२० मध्ये 'तडीपार' हा पहिला संग्रह आला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो 'बिग बॉस'चा सोळावा हंगाम जिंकला. त्या रात्रीनंतर आमच्या वरसे-रोह्याच्या पोरांनाही वाटू लागले, की पुण्याच्या पोराला जमले ते आपल्याला का जमू नये.

'तडीपार' या शब्दावर आम्ही वर्गात अर्धा तास घालवला आहे. तड म्हणजे काठ, तीर. तडीच्या पार घालवलेला तो तडीपार. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली एखाद्याला जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी जिल्ह्याच्या हद्दीबाहेर काढता येते, त्याला बोलीभाषेत तडीपारी म्हणतात. हा शब्द आपल्या वस्त्यांना परका नाही. हिंदीत गाणाऱ्या मुलाने आपल्या पहिल्या संग्रहाला अस्सल मराठी नाव दिले आणि ते देशभर गेले. भाषेच्या मास्तराला ही गोष्ट नोंदवावीशी वाटते. त्याच्या गाण्यांतल्या शिव्या आणि बायकांविषयीची भाषा मात्र आम्हाला मुळीच मान्य नाही. मार्च २०२३ मध्ये शिवराळ गाण्यांना विरोध झाल्याने इंदूरचा त्याचा कार्यक्रम बंद पडला होता. विरोधाची रीत योग्य की अयोग्य हा वेगळा प्रश्न. पण आपल्या आई-बहिणीसमोर वाजवता येत नाही असे गाणे लिहावे का, हे आपण मुलांना विचारले पाहिजे.

हे तरुण पहिल्या संग्रहाला बऱ्याचदा 'मिक्सटेप' म्हणतात. नवा शब्द वाटतो, पण त्यातली टेप म्हणजे आपली जुनी कॅसेटच. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्पबेल या मुलीने एक छोटा जलसा ठेवला. शाळा सुरू होणार होती आणि तिला नवे कपडे घ्यायचे होते. त्यासाठी मुलींना पंचवीस सेंट आणि मुलांना पन्नास सेंट तिकीट लावले. गाणी वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे 'डीजे कूल हर्क' होता. हिप-हॉपचा जन्म त्या रात्रीचा मानतात. पुढे अशा जलशांचे ध्वनिमुद्रण कॅसेटवर होऊ लागले आणि त्या हातोहात फिरू लागल्या. रेडिओ दारात उभे करत नव्हता, कंपनी विचारत नव्हती, म्हणून गरिबाने काढलेली ही वाट होती. आज कॅसेट गेली, नाव राहिले. ओळखीच्या मित्रांच्या मदतीने, बहुधा फुकट ऐकायला दिलेला गाण्यांचा पहिला गठ्ठा, एवढाच मिक्सटेपचा अर्थ उरला आहे.

आपल्या कोकणात कॅसेटचे महत्त्व कुणाला सांगायला नको. कुवेत-दुबईहून येणाऱ्या पेटीत टेपरेकॉर्डर असायचाच. ज्या दादीला लिहिता येत नसे ती कॅसेटवर बोलून खुशाली पाठवायची आणि तिकडून मुलाचा आवाज यायचा. त्याच यंत्रावर शुक्रवारी नात लागायची, रात्री कव्वाली लागायची. आवाज साठवून दूरच्या माणसापर्यंत पोहोचवावा ही गरज आपल्या घरांनी ब्राँक्सला न विचारता ओळखली होती.

यमकात बोलून समोरच्याला निरुत्तर करण्याची कलाही आपल्याकडे परदेशातून आलेली नाही. रायगड-रत्नागिरीत शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या रात्रभर रंगतात. एक बाजू सवाल टाकते, दुसरी जागच्या जागी जवाब जोडते. रॅपची पोरे ज्याला 'बॅटल' म्हणतात ते याहून वेगळे काय आहे? पेशवाईच्या उत्तरकाळात लावणी गाजवणारा सगनभाऊ शिकलगार मुसलमान होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या आवाजाने मैदाने भरली ते शाहीर अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. १९१६ मध्ये जन्मलेला हा माणूस गिरणीत राबला आणि अण्णा भाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथकात गायला. मुलाच्या तोंडून 'रॅपर व्हायचे आहे' असे ऐकले की आपण दचकतो. त्याला अमर शेखांचे नाव सांगितले आहे का, हेही स्वतःला विचारून पाहावे.

आता दीनचा प्रश्न. तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वाद्यांविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत. बहुतेक जण मनाई सांगतात, काही अटींसह सवलत देतात. तो निर्णय वाचकांनी आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारून करावा. शायरीविषयी मात्र चित्र अधिक स्पष्ट आहे. सूरह अश-शुअराच्या शेवटी शायरांवर कडक शब्द आहेत. ते जे करत नाहीत ते बोलतात, असा ठपका आहे. पण लगेच ईमान राखणाऱ्या, नेक काम करणाऱ्या आणि जुलूम सोसल्यावर दाद मागणाऱ्यांना त्यातून वगळले आहे. हजरत हस्सान बिन साबित (रजि.) यांच्यासाठी मशिदीत मिंबर ठेवला जात असे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. जे जगलो नाही ते बोलू नये, ही त्यातली कसोटी रॅप करणाऱ्या मुलालाही लागू पडते. ही ओढाताण मोठ्या कलाकारांनाही चुकलेली नाही. नेझी स्वतः मध्ये काही काळ गाण्यापासून दूर राहिला होता, आणि २०२० मध्ये त्याचा जो पहिला संग्रह आला त्याचे नाव त्याने 'मगरिब' ठेवले.

गेल्या वर्षी ओळखीच्या घरातला एक मुलगा आमच्याकडे आला. अकरावीत शिकतो. वडील धाटावच्या एमआयडीसीत पाळीवर जातात. त्याची नऊ गाणी तयार होती आणि वार्षिक परीक्षेच्या आधी मिक्सटेप 'ड्रॉप' करायची होती. मुंबईच्या कुणा माणसाने मोबाइलवर करारनामा पाठवला होता. पंधरा हजार रुपये भरा, आम्ही प्रदर्शित करू, प्रसिद्धी करू, असे त्यात होते. पैसे मागितले म्हणून वडिलांनी फोन काढून घेतला. बाप-लेकात आठ दिवस बोलणे नव्हते. आई म्हणाली, "सर, तुम्ही फक्त वाचून बघा."

आम्ही वही आणि करार दोन्ही वाचले. वहीतल्या नऊपैकी सहा गाण्यांत बंदुका, पोलीस, गल्लीतले वैर असे सगळे होते. यातले काहीही त्या मुलाने पाहिलेले नव्हते. रोह्याहून दिव्याला जाणाऱ्या पॅसेंजरच्या पलीकडची मुंबई त्याला ठाऊक नाही. दोन गाणी मित्रांवर होती, बरी होती. एक गाणे रात्रपाळीवर होते. पहाटे वडील येतात, डबा घासायला टाकतात, कुणाला उठवू नये म्हणून अंधारात चप्पल हातात घेऊन आत येतात, असे काहीसे त्यात होते. त्यातले अर्धे शब्द घरच्या बोलीतले होते आणि काफिया कुठे ओढूनताणून आणलेला नव्हता. आम्ही त्याला सांगितले, की ही सहा गाणी दुसऱ्याची आहेत, हे एक तुझे आहे. तो नाराज झाला. दोन दिवसांनी येऊन विचारू लागला, की काफिया आणि रदीफ यांत फरक काय. मग आम्ही त्याला मात्रा मोजायला शिकवले. रॅपमध्ये चार ठोक्यांची एक ओळ धरतात आणि बहुधा सोळा ओळींचे कडवे करतात. हिशेब एकदा कळला की व्याकरणाचा कंटाळा करणारी मुलेही मात्रा मोजतात, हा आमचा वर्गातला अनुभव आहे.

करारनामा मात्र वहीपेक्षा महत्त्वाचा निघाला. गाण्यांचे सगळे हक्क कायमचे त्या माणसाकडे जाणार होते आणि पैसे भरायचे होते मुलाने. अशा वेळी पालकांना चार गोष्टी माहीत हव्यात.

पहिली, भारतीय करार अधिनियम १८७२ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाने केलेला करार कायद्याने निरर्थक असतो. म्हणूनच असे लोक पालकांची सही मागतात. सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

दुसरी, गाणे लिहिले त्या क्षणापासून कॉपीराइट लिहिणाऱ्याचा असतो. नोंदणी केली नाही म्हणून हक्क जात नाही. वहीवर तारीख घाला आणि स्वतःच्या ईमेलवर प्रत पाठवून ठेवा, म्हणजे पुरावा राहतो.

तिसरी, २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला मिळणारी रॉयल्टी करारात लिहून घेऊनही पूर्णपणे काढून घेता येत नाही. ती गोळा करण्यासाठी 'आयपीआरएस' ही संस्था १९६९ पासून आहे.

चौथी, ठेक्याची. इंटरनेटवर 'फ्री बीट' म्हणून मिळणारे संगीत बहुधा फक्त विनामूल्य वापरासाठी असते. त्यावर गाऊन पैसे मिळवायचे तर परवाना घ्यावा लागतो, नाहीतर गाणे काढून टाकले जाते. यूट्यूबवर गाणे टाकायला पैसे पडत नाहीत. बाकीच्या ॲपवर गाणे पोहोचवणाऱ्या वितरक कंपन्या वर्षाची वर्गणी किंवा उत्पन्नातला हिस्सा घेतात. पंधरा हजार घेऊन वर हक्कही मागणाऱ्याची गरज नसते.

पंधरा हजार वाचले, हे वडिलांना पटले. फोन परत मिळाला, तोही रात्री दहानंतर आईकडे ठेवण्याच्या अटीवर. परीक्षा आधी, मिक्सटेप नंतर, हे मुलानेही मान्य केले. मे महिन्यात तीनच गाणी आली. मित्राच्या घरी गोधड्या टांगून, फोनवर मुद्रित केलेली. ऐकणारे दोनशेच्या आत असतील. वडिलांनी पाळीवर असताना कॅन्टीनमध्ये ते रात्रपाळीचे गाणे ऐकले, असे आईकडून कळले. घरी आल्यावर त्यांनी मुलाला फक्त एवढेच विचारले, "डबा मी घासायला टाकतो, हे तू जागा असतोस म्हणून माहीत तुला?"

तो मुलगा मोठा रॅपर होईल असे आमचे म्हणणे नाही. हजारांतून एखादाच पोटापुरते कमावतो. म्हणून शिक्षण सोडून यात उडी घेण्याला आमचा ठाम विरोध आहे, आणि तो आम्ही मुलांच्या तोंडावर सांगतो. पण वही फाडल्याने किंवा फोन आपटल्याने लिहिणे थांबत नाही. ते फक्त आपल्यापासून लपते. मग करारनामाही लपतो, पैसेही लपतात आणि पाठवणारा माणूस कोण तेही आपल्याला कळत नाही.

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, मुलगा किंवा मुलगी रॅप करत असेल तर एकदा सगळी गाणी बसून ऐका. मुलींच्या बाबतीत आपण ऐकण्याआधीच नकार देतो, तेव्हा त्यांच्यासाठी हे दुप्पट लागू. शिवी दिसली तर तिथे थांबवा आणि त्या जागी दुसरा शब्द शोधायला लावा. भाषेची याहून चांगली कसरत नाही. न पाहिलेल्या बंदुका काढून टाकायला सांगा. आपल्या दादीची बोली, नदीचा पूर, आखातात गेलेला मामू, मोहल्ल्यातले भांडण, जे खरे आहे ते लिहू द्या. धर्माची शंका असेल तर मुलाला सोबत घेऊन मौलानांकडे जा, त्याच्या पाठीमागे फतवा आणू नका. कुणी सही मागितली तर आधी आम्हाला किंवा जवळच्या वकिलाला तो कागद दाखवा. शाळा सुटल्यावर अर्धा तास आम्ही वर्गातच असतो.