यंत्र स्वस्त, पट्ट्या महाग

घरी शुगर मोजायचे यंत्र घेताना आपण खोक्यावरची किंमत पाहतो. खरा खर्च पट्ट्यांचा. यंत्र एकदाच घ्यायचे, पट्टी मात्र दर वेळी नवी, आणि एका कंपनीची दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात चालत नाही. पट्टी वाचवण्यासाठी घरातली वडीलधारी माणसे तपासणेच टाळतात. म्हणून आम्ही मेडिकलवाल्याला आधी विचारतो, ५० पट्ट्यांना किती, आणि नेहमी मिळतील ना? सवलतीत मुदत संपत आलेली डबी पदरी पडते. तारीख वाचून घ्यावी.

खोक्यावर आयएसओ १५१९७:२०१३ लिहिलेले असावे. या मापदंडाप्रमाणे १०० आणि त्यावरचे ९५ टक्के आकडे लॅबच्या आकड्यापेक्षा फार तर १५ टक्के कमी-जास्त चालतात. लॅबमध्ये २०० आणि घरी २२० आले, तर यंत्र बिघडले असे नव्हे.

रमजानमध्ये अम्मी-अब्बा बोट टोचायला कचरतात. तपासणीपुरत्या रक्ताने रोजा तुटत नाही, असेच उलमा सांगतात. आकडा ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेला, तर रोजा लगेच सोडावा, हा डॉक्टरांचा सल्ला. मोजल्याशिवाय तो कळणार कसा? इफ्तारनंतर मोजताना मात्र खजुराचे हात धुऊन, पुसूनच टोचावे, नाहीतर आकडा उगाच फुगतो.