पाला पडल्यानंतरची बाग

महाराष्ट्रातल्या मराठीत ‘पाला’ म्हणजे झाडाची पाने. जबलपूरच्या मराठी घरांत या शब्दाला हिंदीकडून दुसराही अर्थ मिळाला आहे: ती पाने जाळून टाकणारी गोठवणारी थंडी. ‘रात्री पाला पडला’ हे वाक्य पुण्याच्या पाहुण्याला चटकन उमगत नाही. इथे ते ऐकल्यावर माणसे आधी अंगणात धावतात.

कर्कवृत्त जबलपूरच्या थोडे उत्तरेकडून जाते, म्हणजे शहर उष्ण कटिबंधातच आहे. तरीही जानेवारीतल्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीची ऊब सरळ आकाशात निघून जाते आणि पाने भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. पेशींच्या मधल्या पोकळीत बर्फाचे कण धरतात, पेशीतले पाणी ओढून घेतात आणि पेशींची आवरणे फाटतात. दुपारपर्यंत जास्वंद, क्रोटन, पपई, केळ उकळते पाणी ओतल्यासारखी काळवंडतात. थंड देशांत बर्फाचा थर मुळांवर पांघरुणासारखा पडून राहतो आणि झाडे पुरती झोपलेली असतात. इथल्या झाडाला ते पांघरूण नाही आणि दिवसाच्या उबदार उन्हामुळे गाढ झोपही नाही.

वसंत पंचमीला हवा जरा मऊ झाली की हात कात्रीकडे जातो. आमचे सांगणे आहे, थांबा. करपलेली फांदी दिसायला वाईट असली तरी खालच्या डोळ्यांवर तिचा आडोसा असतो. लवकर छाटले तर झाड कोवळे धुमारे फेकते आणि फेब्रुवारीतली एखादी गार रात्र तेही नेते. शंका असेल तर नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर फांदी जिवंत आहे. होळीच्या सुमारास नवे फुटवे कुठवर आले ते दिसते, कापायचे तिथवरच. तोवर खत देऊ नये आणि पाणीही बेताने द्यावे, कारण पानेच नसलेले झाड पाणी कमी उचलते आणि ओल्या काळ्या मातीत मुळे कुजतात. हिरवळीचेही तसेच. थंडीत पिवळी पडलेली हरळी मेली असे समजून अनेक जण ती खणून काढतात. ती फक्त निजलेली असते.

मात्र हा धीर करपलेल्या झाडांपुरता. बाकीच्या कामांना इथला वसंत फार सवड देत नाही. एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठू लागतो. कुंड्या बदलणे, नवी रोपे लावणे, आळी बांधणे हे फेब्रुवारीतच उरकले, तर उन्हाच्या आत मुळे जम धरतात. मोगऱ्याची छाटणीही याच दिवसांतली. रोपवाटिकेत मार्चअखेर भुलवणारी फुललेली रोपे घरी आणून जगवणे मोठे कष्टाचे असते.

या आळ्यांवर घालायला सर्वांत चांगले आच्छादन फुकट मिळते. वसंतात झाडे पाने ढाळतात आणि तो पालापाचोळा मुळांभोवती चार बोटे पसरला, खोडापासून वीतभर दूर ठेवला, तर माती गार राहते आणि पाणी टिकते. तो पेटवला की नुसता धूर होतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली आहे. या सगळ्या कामांची वेळ साधायची तर १९६४ पासून कृषी विद्यापीठ असलेल्या या शहरात घरगुती बागेसाठी इथल्याच हवामानाची दिनदर्शिका दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर मिळायला हवी: झाडे झाकायला गोणपाट केव्हा काढून ठेवायचे, थंडीची लाट येणार असेल तर आदल्या संध्याकाळी हलके पाणी द्यायचे, कात्री केव्हा उचलायची. आणि भंवरतालसारख्या सार्वजनिक बागांत पानगळ सुरू होण्याआधी पाचोळ्यासाठी खड्डे खणलेले असावेत.