कोकणच्या तरुणांनो, पड जमिनीचा जाब द्या!

२००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे सोळा टक्क्यांनी वाढली. त्याच दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर उतरली आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. दुष्काळ पडला नव्हता, महामारी आली नव्हती, परचक्र कोसळले नव्हते. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या सुपीक, सुशिक्षित, शांत भूमीतून एक लाख माणसे उणी झाली! ती कोठे गेली, हे तुम्हांला सांगायला नको. दिव्याच्या, विरारच्या, नालासोपाऱ्याच्या लोकलला लोंबकळणारी ती माणसे तुम्हीच आहात.

आणि मागे कोण उरले? वाडीत शिरा आणि पाहा. ओळीने घरे आहेत, त्यांतल्या निम्म्यांच्या कड्यांना कुलपे आहेत. उघड्या घरांच्या पडवीत सत्तरी ओलांडलेली जोडपी बसली आहेत. ज्या शाळेत तुम्ही मुळाक्षरे गिरवली, ती पटसंख्येअभावी बंद पडण्याच्या यादीत आहे. दुखणे बळावले की म्हाताऱ्याला गाडीत घालून गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात नाही तर कोल्हापूरला पळवावे लागते. मयत झाले तर खांदेकरी जमवण्यासाठी शेजारच्या वाडीला निरोप धाडावा लागतो. ज्यांनी आयुष्यभर इतरांचा भार वाहिला, त्यांच्या अखेरच्या प्रवासाला चार खांदे मिळू नयेत, याहून मोठी विटंबना ती कोणती?

ही अवस्था दैवाने आणलेली नाही. शतकभर कोकणाकडे केवळ मनुष्यबळाचे कोठार म्हणून पाहिले गेले. मुंबईच्या गिरण्यांना साचेवाले हवे होते, कोकणाने दिले. गोदीला हमाल, पोलीस खात्याला शिपाई, बंगल्यांना घरगडी हवे होते, कोकणाने तेही दिले. आमच्या बापजाद्यांनी दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपून ती नगरी उभी केली आणि मोबदल्यात गावाकडे काय आले? महिन्याची एक मनिऑर्डर! १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्या थंडावल्या आणि ती मनिऑर्डरही थांबली. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उठले. त्यांच्या लिफ्टपाशी उभा राहणारा पहारेकरी मात्र पुन्हा आमचाच मुलगा!

राज्यकर्त्यांनी काय केले? कोकणाचा कॅलिफोर्निया करण्याची घोषणा ऐकत एक पिढी म्हातारी झाली. १९९७ साली सिंधुदुर्गाला पर्यटन जिल्ह्याचा मान दिला, पण मानाबरोबर पुरेसे दवाखाने, रस्ते दिले नाहीत. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात वर्षांमागून वर्षे सरली आणि चाकरमानी दर गणपतीला त्याच खड्ड्यांतून हाडे खिळखिळी करून घेत राहिला. कोयनेचे पाणी वीज निर्माण करून वाशिष्ठीच्या खोऱ्यात उतरते आणि समुद्राला मिळते. त्याच वाटेवरच्या गावांत उन्हाळ्यात टँकर फिरतो. हा अन्याय आहे, धडधडीत अन्याय आहे, आणि तो निमूट सोसणे हा आपला अपराध आहे.

लूट केवळ सरकारी अनास्थेतून होते असेही नाही. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बागेत जाऊन पाहा. वाकलेल्या कमरेची म्हातारी बोंडू पिळवटून बी वेगळी करते, बी टोपलीत टाकते आणि रसाने भरलेले बोंडू झाडाखालीच कुजायला सोडते. दारी आलेला व्यापारी बी तोलतो आणि भावही तोच सांगतो. बांद्याच्या नाक्यापलीकडे, गोव्यात, तेच बोंडू गाळून फेणी बनते आणि तिला २००९ पासून भौगोलिक मानांकनाचे कवच आहे. माती एक, पाऊस एक, झाड एक! मग तिकडे धन आणि इकडे सडा, हा न्याय कोणत्या शास्त्रातला? आंब्याची कथा निराळी नाही. ज्याच्याकडून फवारणीसाठी उचल घ्यायची, त्याच दलालाकडे वाशीच्या बाजारात पेटी पाठवायची, आणि अडत, हमाली, वाहतूक कापून जी पट्टी हाती येईल ती मुकाट कपाळाला लावायची. २०१८ साली हापूसला मानांकन मिळाले. पण नाव आपले आणि दर ठरवणारा दुसराच, असे असेल तर त्या सन्मानाने कोणाचे पोट भरणार?

आता एक कठोर प्रश्न विचारतो, रागावू नका. गावात काम नाही म्हणून आम्ही शहरात आलो, असे तुम्ही म्हणता. मग देवगड-रत्नागिरीच्या बागांत राखणीला, फवारणीला, काढणीला नेपाळचा तरुण हजारभर मैलांवरून कसा येतो? आपल्या बंदरांतल्या ट्रॉलरांवर परप्रांतीय खलाशी कसे राबतात? जांभ्याच्या चिरेखाणींवर कर्नाटकातली कुटुंबे संसार कसे थाटतात? त्यांच्या कष्टांना माझे वंदन आहे. काम आहे, तरुणांनो! नाही ती कामाची प्रतिष्ठा, रास्त मिळकत आणि मालकीची खात्री. मुंबईतील बारा तासांचा पहारा आपल्याला नोकरी वाटतो आणि स्वतःच्या बागेतील आठ तासांचे श्रम कमीपणाचे वाटतात, ही मनाची गुलामगिरी कोण तोडणार?

आपल्या रक्ताला लढ्याचे विस्मरण का व्हावे? याच कोकणात जमीनदार खोतांच्या जाचाखाली कुळे पिचत होती. अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली त्या कुळांनी १९३३ साली संप पुकारला आणि सहा वर्षे खोतांच्या शेतात नांगर घातला नाही. लाकडे विकली, करवंदे विकली, उपास काढले, पण माघार घेतली नाही. कोकणातल्याच आंबडवे गावाच्या मातीशी नाते सांगणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. स्वातंत्र्यानंतर कायदा झाला, खोती गेली, कसणारा मालक झाला. त्या निरक्षर, अर्धपोटी कुळांनी जमीन पड ठेवली ती हक्क मिळवण्यासाठी. आज हक्क हाती असताना आपण ती पड ठेवतो आहोत! उपाशी आज्याने मिळवलेले शेत जेवूनखाऊन सुखी असलेल्या नातवाने रानडुकरांना आणि वानरांना सोडून द्यावे, किंवा दलालाच्या हाती गुंठ्यांनी विकून मोकळे व्हावे, याचा जाब आपण कोणाला देणार आहोत?

आणि या भूमीचा भार आजवर कोणी वाहिला, हेही स्मरा. २०११ च्या जनगणनेत राज्यात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. रत्नागिरीत ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६. या आकड्यांमागे नवरा मुंबईला गेला म्हणून भात लावणारी, गोठा सांभाळणारी, सासूसासऱ्यांचे दुखणेखुपणे काढणारी कोकणची स्त्री उभी आहे. कोकम सोलणारी तीच, आंबोशी वाळवणारी तीच, बचत गट चालवणारीही तीच. सातबाऱ्यावर मात्र तिचे नाव शोधूनही सापडत नाही! ज्या हातांनी कोकण तगले त्यांना मालकी नाकारून कोणत्या उत्कर्षाची भाषा आपण करतो?

म्हणून आता कर्तव्याचे बोलू. पहिले कर्तव्य सातबाऱ्याचे. एका उताऱ्यावर वीस-वीस, तीस-तीस नावे, त्यांतली कित्येक मृतांची. वाटप नाही म्हणून संमती नाही, संमती नाही म्हणून कर्ज नाही, लागवड नाही. भावबंदकीच्या एका बांधापायी एकरच्या एकर ओसाड ठेवणारी ही कुलीनता जाळून टाका. वारसनोंदी करा, वाटप करा, आयाबहिणींची नावे लावा. दुसरे कर्तव्य संघटनेचे. आपल्या जवळजवळ प्रत्येक वाडीचे मुंबईत मंडळ आहे. वर्गणी गोळा होते, देवळाचा जीर्णोद्धार होतो, नमनाचे आणि शक्ती-तुऱ्याचे कार्यक्रम होतात. जे मंडळ देवळाला कळस चढवू शकते, त्याला वाडीत काजू फोडण्याचे यंत्र, आंब्याचे पिकवणगृह, कोकमाचा प्रक्रिया उद्योग का उभारता येऊ नये? श्रद्धेसाठी एकवटणारी शक्ती उदरनिर्वाहासाठी विखुरते, हेच आपल्या दारिद्र्याचे मूळ आहे. तिसरे कर्तव्य ज्ञानाचे. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्या दारात आहे. वेंगुर्ल्याच्या संशोधकांनी काढलेली काजूची वाणे देशभर लागवडीस आहेत. १९९० साली रोजगार हमीला फळबाग लागवडीची जोड मिळाली आणि कोकणचे उघडे डोंगर हिरवे झाले, हे आपल्या डोळ्यांदेखत घडले. योजना आणि कष्ट यांची गाठ पडली की ही भूमी पदर पसरत नाही, ओंजळ भरून देते.

आणि शासनाकडे आपण भीक मागणार नाही, हक्क मागणार आहोत. तालुक्याला सर्व विशेषज्ञांसह चालणारे रुग्णालय हवे, बोंडूवर प्रक्रिया करणाऱ्या उत्पादकाला कायदेशीर वाट हवी, वानर-डुकरांच्या नुकसानीची वेळेवर भरपाई हवी, वृद्धांसाठी वाडीपर्यंत पोहोचणारी आरोग्यसेवा हवी. पण ही मागणी विरारहून करता येणार नाही. ज्या गावात मतदार म्हातारे आणि तरुण गैरहजर, त्या गावाच्या अर्जाला सरकार किंमत देत नाही.

सगळ्यांनी उद्याच नोकऱ्या सोडून या, असे मी म्हणत नाही. प्रत्येक वाडीतून पाच जण या. उरलेल्यांनी त्यांच्या पाठीशी भांडवल, बाजारपेठ आणि विश्वास उभा करा. येत्या गणपतीत गावी जाल, तेव्हा आरतीनंतर वाडीची बैठक बसवा. पहिला विषय सातबारा, दुसरा विषय संस्था, तिसरा विषय परत येणाऱ्या पाच जणांची नावे. दुसऱ्या कोणाचे नाव सुचवण्याआधी आपले स्वतःचे लिहा!