शो सोमवारीही लागला पाहिजे!

विश्रांतवाडी, धानोरी, कळस, टिंगरेनगर, फुलेनगर इथल्या आपल्या सगळ्यांना एक कळकळीची विनंती आहे. मराठी विनोदी सिनेमा थिएटरातून हळूहळू उठत चालला आहे. टीव्हीवर रविवारी जेवणानंतर लागतो, तो नव्हे. तो मजेत आहे. अनोळखी माणसांच्या गर्दीत बसून, शेजारच्याच्या हसण्याने आपल्याला आणखी हसू फुटत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत पाहायचा सिनेमा आपल्या हातून निसटतो आहे. आणि तो धरून ठेवणं अजून आपल्याला जमण्यासारखं आहे.

हे कसं घडतं, ते आपण सगळेच पाहतो. नवा सिनेमा शुक्रवारी येतो. ट्रेलर आपण एकमेकांना पाठवलेला असतो, 'भारी दिसतोय, बघायला पाहिजे' असं म्हटलेलं असतं. पहिला शनिवार-रविवार कुणाच्या बारशात, कुणाच्या वास्तुशांतीत जातो. मंगळवारी अ‍ॅप उघडावं, तर विमाननगरच्या मॉलमध्ये एकच शो उरलेला. तोही दुपारी साडेबाराचा, नाहीतर रात्री पावणेअकराचा. नोकरदाराला पहिला जमत नाही, आजी-आजोबांना दुसरा. पुढच्या शुक्रवारी तोही गेलेला. मग आपण म्हणतो, 'जाऊ दे, येईल ओटीटीवर.'

यात थिएटरवाल्यांना शिव्या घालून काही साधणार नाही. पडदे मोजके आहेत आणि दर आठवड्याला हिंदी, दाक्षिणात्य, हॉलिवूडचे सिनेमे रांगेत उभे असतात. पहिल्या तीन दिवसांत किती खुर्च्या भरल्या, यावर सोमवारपासूनचे शो ठरतात. मोठ्या सिनेमाच्या जाहिरातीला कोट्यवधी रुपये असतात. मराठी विनोदी सिनेमाची जाहिरात करतो तो पाहून आलेला माणूस. ऑफिसात, भाजीच्या गाडीवर, रिक्षा स्टँडवर तो सांगायला लागतो, 'अरे, जाऊन ये, लई हसलो.' पण तो हे सांगेपर्यंत सिनेमा उतरलेला असतो. सगळी अडचण या पहिल्या तीन दिवसांची आहे.

पडद्यासाठीची ओढाताण नवी नाही. १९७१ साली दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'ला दादरच्या कोहिनूर थिएटरात जागा मिळेना. तिथे देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लावायचं ठरलं होतं. बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले, शिवसैनिक थिएटरावर गेले आणि 'सोंगाड्या' लागला. पण एक लक्षात घ्या. आंदोलनाने सिनेमा लागला, तो चालवला मात्र प्रेक्षकांनी. पुढे २५-२५ आठवडे चाललेल्या नऊ चित्रपटांसाठी दादांचं नाव गिनीज बुकात गेलं. पंचवीस आठवडे! आज आपण तीन दिवसांत निकाल लावून मोकळे होतो.

सरकारनेही हात लावून पाहिला आहे. मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमाला मोक्याची वेळ मिळावी म्हणून २०१५ च्या एप्रिलमध्ये आदेश निघाला. बरीच खळखळ झाली आणि अखेर दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत मराठी शो लावायचा, असं ठरलं. नियम हवाच, तो पाळलाही गेला पाहिजे. पण नियमाने पडदा मिळेल, त्यासमोर जाऊन बसायचं काम आपलंच आहे.

कुणी म्हणेल, सगळ्याच मराठी सिनेमांची ही गत आहे, मग विनोदी सिनेमाचंच एवढं काय? त्याचं कारण साधं आहे. गंभीर सिनेमा एकट्याने, अंधारात, मोबाइलवरसुद्धा मनाला भिडू शकतो. विनोदाला माणसं लागतात.

'अशी ही बनवाबनवी' घ्या. इस्रायलहून येणाऱ्या मधुमेहाच्या औषधासाठी घरमालक सरपोतदारांनी दिलेले ते सत्तर रुपये आपल्याला पाठ आहेत. औषध आणणारा मित्रच गेला, असं धनंजय माने सांगतो. माने झालेल्या अशोक सराफ यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. माणूस गेला याचं वाईट आधी वाटून घ्यावं की पैसे गेले याचं, हा पेच सरपोतदार झालेल्या सुधीर जोशींच्या चेहऱ्यावर उमटतो. दोघंही घाई करत नाहीत. मधली ती शांतता प्रेक्षकांसाठी सोडलेली आहे. तिथे शंभर माणसं हसावीत, हसू ओसरावं आणि मगच पुढचं वाक्य यावं, असा हा जुन्या रंगभूमीवर घासून आलेला हिशेब आहे. घरी एकट्याने पाहताना त्या जागी आपण फोन हातात घेतो. रीलमध्ये तर ती जागा कापूनच टाकलेली असते.

'बनवाबनवी' १९८८ चा. दिग्दर्शक सचिन पिळगावकर, लेखन वसंत सबनीसांचं. 'सोंगाड्या' लिहिणारेही सबनीसच. 'विच्छा माझी पुरी करा' हे वगनाट्यही त्यांचंच. तमाशाच्या बतावणीपासून पुण्यातल्या भाड्याच्या खोलीपर्यंत एकच लेखणी फिरली आहे, आणि त्या लेखणीला समोरचा प्रेक्षक कधी हसतो, कधी थांबतो, हे नेमकं माहीत होतं. पुण्यात खोली मिळत नाही म्हणून खटपटी करणारी 'बनवाबनवी'तली ती चार पोरं आज आपल्याच गल्लीत राहतात. धानोरीच्या एखाद्या वन-बीएचकेमध्ये यवतमाळचा, नांदेडचा, जळगावचा आणि साताऱ्याचा अशी चौकडी सहज सापडेल. इतक्या वर्षांनीही तो सिनेमा शिळा वाटत नाही, तो त्यातल्या या गरजेमुळे. पुरुषांनी नुसत्या साड्या नेसून नाचण्याने एवढं टिकत नसतं.

मी समीक्षक नाही, हौसेने सिनेमा पाहणारी आहे. तरी एक मत ठामपणे मांडते. विनोदी म्हणून येणारं सगळंच चांगलं नसतं. टीव्हीवरच्या स्किटचा परिणाम सिनेमांवर झाला आहे. दर दहा सेकंदांनी पंच आलाच पाहिजे, अशी घाई अनेक सिनेमांत दिसते. पात्रं उभी राहण्याआधीच विनोद सुरू होतात. पण वाईट सिनेमा दोन दिवसांत उतरला तर कुणाचं बिघडत नाही. चांगला सिनेमाही त्याच दोन दिवसांत उतरतो, हे मला खुपतं.

विशेषतः छोटे, स्वतंत्र वाटेने केलेले सिनेमे. उमेश कुलकर्णींचा 'वळू' २००८ साली आला, रॉटरडॅमच्या महोत्सवातही दाखवला गेला. गोष्ट केवढी, तर गावात मोकाट सुटलेला डुरक्या नावाचा वळू आणि त्याला पकडायला आलेला वनअधिकारी. पण डुरक्याच्या निमित्ताने गाव उघडं पडत जातं. सरपंचांचं राजकारण, विरोधकांची कुरघोडी, पुजाऱ्याची वेगळीच गणितं. जो तो वळूच्या नावावर आपलं खपवतो. कुणी विनोद करत नाही, सगळे आपापल्या कामात गंभीर आहेत आणि आपण हसून हसून बेजार. मला असा विनोद सर्वांत अवघड वाटतो.

परेश मोकाशींनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त दादासाहेब फाळक्यांची खटपट इतक्या हसऱ्या चेहऱ्याने सांगितली, की तो चित्रपट भारतातर्फे ऑस्करच्या स्पर्धेसाठी पाठवला गेला. त्यांनीच लिहिलेला आणि आशिष बेंडे यांनी दिग्दर्शित केलेला 'आत्मपॅम्फ्लेट' २०२३ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात झळकला. शाळकरी प्रेमाच्या आडून जातीधर्मावर बोलणारा, खुसखुशीत सिनेमा. बर्लिनच्या लोकांनी तो मोठ्या पडद्यावर पाहिला. आपल्या भागातून थिएटरात जाऊन तो कितीजणांनी पाहिला असेल?

आणि हा विनोदी सिनेमा वाचवायचा कशासाठी, तेही बोलू.

आपलं विश्रांतवाडी म्हणजे सगळ्या महाराष्ट्राची सरमिसळ. दारूगोळा कारखान्यात आयुष्य काढलेले काका, संरक्षण खात्यातले निवृत्त, खराडीच्या कंपन्यांत जाणारी विदर्भ-मराठवाड्यातली पोरं, जुने कळसकर, शेजारी तमीळ आणि पंजाबी कुटुंबं. या सगळ्यांना एका जागी बसवणाऱ्या गोष्टी फार उरलेल्या नाहीत. मकरंद अनासपुरे पडद्यावर मराठवाडी बोलले, तेव्हा ज्या बोलीला पुण्यात नाकं मुरडली जायची तिच्यावर अख्खं थिएटर प्रेमाने हसलं. हे पाठ्यपुस्तकाने होत नाही.

मुलांचा विचार करा. आपली बरीच मुलं इंग्रजी शाळेत जातात. मराठी धडा ती नाइलाजाने वाचतात, पण विनोद कळला नाही तर त्यांना चैन पडत नाही. 'आई, याला सगळे का हसले?' हा प्रश्न एकदा आला की पुढचं मराठी आपोआप शिकून होतं.

आपल्याकडे विनोदी सिनेमाची परंपरा किती जुनी! आचार्य अत्र्यांच्या कथेवर मास्टर विनायकांनी 'ब्रह्मचारी' काढला १९३८ मध्ये. पु. लं.चा 'गुळाचा गणपती' १९५३ चा. आषाढीला माउलींची पालखी आळंदीहून निघून आपल्याच रस्त्याने पुण्यात येते, तेव्हा इंद्रायणीकाठच्या आळंदीचं गदिमांचं गाणं भीमसेनजींच्या आवाजात लावलं जातं. ते गाणं 'गुळाचा गणपती' याच विनोदी सिनेमातलं आहे. हसवणाऱ्या सिनेमानं आपल्याला काय काय दिलं, याची ही एक खूण.

आता आशेची बाजू, कारण ती भक्कम आहे. ३० जून २०२३ ला 'बाईपण भारी देवा' आला. बायका नऊवारी नेसून, नथी घालून, भिशीच्या ग्रुपबरोबर आल्या, आईला घेऊन आल्या, सासूला घेऊन आल्या. शो उतरायचे सोडाच, वाढवावे लागले. त्याच वर्षी जानेवारीत आलेला 'वाळवी' बघा. खुनाचा बेत आणि त्यातून उडणारी तारांबळ. गाणी नाहीत, नाच नाही, कौटुंबिक म्हणावं असं काही नाही. तरी एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि सिनेमा चालला. पुढे त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. दोन्ही सिनेमांच्या मागे आपल्यासारखीच माणसं उभी राहिली.

तर आपण काय करायचं?

पहिलं म्हणजे, जायचं तर पहिल्या तीन दिवसांत. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाण्याच्या टँकरची आणि पार्किंगची चर्चा रोज चालते; महिन्यातून एकदा तिथे सिनेमाची चर्चा होऊ दे. बुधवार-गुरुवारी विचारायचं, नावं घ्यायची, तिकिटं आगाऊ काढायची. आगाऊ बुकिंग थिएटरवाल्यांना लगेच दिसतं. तीस-चाळीस जण असाल तर एकाने थेट थिएटरच्या मॅनेजरशी बोलावं. सोयीची वेळ मागावी. ज्येष्ठ नागरिक संघाला संध्याकाळचा सहाचा शो हवा असतो, तर तसं स्पष्ट सांगा. गिऱ्हाईक मागतंय म्हटल्यावर ऐकून घेतात.

खर्चाचं दुखणं खरं आहे. चौघांचं तिकीट, पॉपकॉर्न, पार्किंग, म्हणता म्हणता हजार-दीड हजार जातात. म्हणून सकाळच्या स्वस्त शोला मिळून जाऊ, गाड्या वाटून घेऊ, वडापाव बाहेर येऊन खाऊ. आणि ज्याला परवडत नाही अशा एखाद्या मुलाचं, घरकामाला येणाऱ्या ताईंचं तिकीट आपल्यातला कुणीतरी सहज काढू शकतो.

गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांना खास सांगणं. एके काळी गणपतीत रस्त्यावर पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवायचे. पुढे जागा मिळाली नाही तर लोक पडद्याच्या मागे बसायचे. नावं उलटी दिसायची, लक्ष्मीकांत बेर्डे डावीकडचे उजवीकडे दिसायचे, पण हसू तेवढंच यायचं. दहा दिवसांतली एक संध्याकाळ स्पीकरची भिंत बंद ठेवून असा पडदा पुन्हा बांधू या. निर्मात्याची रीतसर परवानगी काढा, एखादा छोटा सिनेमा निवडा, इंग्रजी सबटायटल्स असलेली प्रत मागा म्हणजे शेजारचं अमराठी कुटुंबही येईल. दिग्दर्शकाला बोलावून पाहा. अशा बोलावण्याला पुण्यातले बरेच कलाकार आनंदाने येतात.

जे सिनेमे थिएटरात येतच नाहीत, त्यांच्यासाठी आपल्याच शहरात जागा आहेत. लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. 'आशय'सारखी फिल्म सोसायटी आहे. पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आहे. विश्रांतवाडीहून तिथवर जायला तासभर लागतो, पण दोघं-तिघं मिळून गेलं की रस्ता कळत नाही. आणि आजोबांच्या ट्रंकेत जुन्या सिनेमाच्या गाण्यांच्या पुस्तिका, पोस्टर, स्थिरचित्रं असतील, तर रद्दीत घालण्याआधी संग्रहालयात विचारा. जुन्या मराठी सिनेमांची बरीच सामग्री काळाने आणि आगीने नेली आहे. उरलंसुरलं घराघरांत आहे.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळू. टेलिग्रामवर आलेली चोरटी प्रत पुढे पाठवू नका. मोठ्या सिनेमाला ते बोचतं, छोट्या सिनेमाच्या निर्मात्याचं घर त्यात जातं. कुणी पाठवलीच तर रागावू नका, 'चल, रविवारी तिकीट मी काढतो' असं म्हणा.

आणि सिनेमा आवडला तर त्याच रात्री सांगा. शेवट फोडू नका, विनोद सांगून टाकू नका, 'जा' एवढंच सांगा. नाही आवडला तर तेही मोकळेपणाने सांगा; खोटं कौतुक केलं की पुढच्या वेळी आपला शब्द कुणी धरणार नाही.

या आठवड्यात कुठला मराठी विनोदी सिनेमा लागतो आहे, ते आज रात्रीच बघून ठेवा. ग्रुपवर टाका. निदान दहा नावं जमली, की काउंटरला फोन करून विचारा, रविवारी सहाचा शो आहे का?